कावळे उलटतात त्याची श्रुतिका: कारण सांगावं का, आणि काव काव ऐकून लोक हसले तर?

तालीममास्तर | १४ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या गणपतीत (डोंबिवली पूर्व) दरवर्षी एकांकिका असते. गेल्या वर्षी नेपथ्य पडलं. म्हणजे टीकाकार म्हणतात तसं नाही, खरोखर पडलं, आणि ते खजिनदारांच्या अंगावर. त्यामुळे यंदा नेपथ्याला पैसे नाहीत. मी लगेच संधी साधली आणि श्रुतिका करू म्हटलं. मंडपातले दिवे बंद, दोन स्पीकर, वीस मिनिटं. विषय: कावळे माणसांवर उलटतात.

विषय सुचला तो डोक्यावर बसलेल्या टपलीतून. मे महिन्यात मागच्या गुलमोहरावर कावळ्यांचं घरटं होतं आणि फाटकावर येणारी एक फांदी मी माणूस बोलावून छाटून घेतली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी स्टेशनला निघालो की मागून पंखांचा फडफडाट आणि डोक्यात टप्पल. माझ्या पुढेमागे चालणाऱ्यांना काही नाही, फक्त मला. पंधरा दिवस मी हेल्मेट घालून पायी स्टेशनला गेलो. रिक्षावाले विचारायचे, गाडी चोरीला गेली का?

तर, या प्रकारची जुनी रेडिओनाट्यं शोधून ऐकतोय. डॅफ्नी द्यू मोरिए यांची १९५२ सालची पक्ष्यांची गोष्ट बहुतेकांना हिचकॉकच्या सिनेमामुळे माहीत असते. पण सिनेमा १९६३ चा. त्याच्या दहा वर्षं आधी, १९५३ मध्ये, ती अमेरिकेत लक्स रेडिओ थिएटरवर झाली (हो, साबणवाले तेच) आणि १९५४ मध्ये तिकडच्याच सीबीएस रेडिओच्या 'एस्केप' मालिकेत. म्हणजे हे पक्षी लोकांनी आधी ऐकले आणि मग पाहिले.

अडचणी दोन.
पहिली: विज्ञानकथा म्हणायची तर कावळे का उलटले ते सांगायला हवं ना?
दुसरी मोठी आहे. गच्चीत बसून चाळीस मिनिटं कावळे रेकॉर्ड केले. दिवे घालवून बायकोला ऐकवले. ती म्हणाली, "पितृपक्ष आला वाटतं." आणि हसत सुटली. काव काव ऐकून आपल्याकडे कोणी घाबरत नाही हो. काय करू?

---

मिश्कीलमामा | १४ जुलै, रात्री १०:५२

रुमाल टाकून ठेवतो. खजिनदारांची तब्येत कशी आहे?

---

जुना_रेडिओ | १४ जुलै, रात्री ११:३५

अरे वा, फार दिवसांनी आपल्या आवडीचा धागा आला. आमच्या घरी रेडिओ म्हणजे कामगारसभा आणि 'पुन्हा प्रपंच', पण निवृत्तीनंतर या परदेशी जुन्या मालिकांचा नाद लागला तो सुटत नाही.

तुमच्या दुसऱ्या अडचणीचं उत्तर मूळ गोष्टीतच आहे. पुन्हा वाचा. पहिल्या रात्री गोष्टीचा नायक नॅट हॉकेन जागा होतो तो कशाने? पक्ष्याच्या ओरडण्याने नाही, खिडकीवर टकटक होते म्हणून. तो उठून खिडकी उघडतो आणि बोटांच्या पेरांवर चोच बसते. पुढे सगळी गोष्ट तो खिडक्यांना फळ्या ठोकत असतो आणि बाहेरून त्या फळ्यांवर चोची चालू असतात. पक्षी ओरडतात तेव्हा ते पक्षीच असतात, लाकूड टोचायला लागले की मग मात्र आपण अंग चोरून बसतो.

असंच 'एस्केप'वरचं दुसरं नाट्य म्हणजे 'थ्री स्केलेटन की'. ते १९४९ मध्ये पहिल्यांदा झालं आणि १९५० मध्ये व्हिन्सेंट प्राइस या नटाने केलं. गियानाच्या किनाऱ्याजवळ खडकावरचं दीपगृह आणि आत तीन माणसं. एक बेवारस जहाज भरकटत येऊन खडकावर आपटतं आणि त्यातून उंदीर बाहेर पडतात. हजारोंनी. माणसं वर दिव्याच्या खोलीत कोंडली जातात आणि चारी बाजूंच्या काचेवर बाहेरून उंदीर. आत माणूस बोलतोय, बाहेर ते खरखरतायत, मध्ये फक्त काच. अंधारात हेडफोन लावून ऐका, आणि ऐकताना पाय जमिनीवर टेकलेले राहतात का बघा. माझे राहिले नाहीत.

म्हणून म्हणतो, काव काव टाकून द्या. कावळा तुमच्या घराच्या कशाकशावर बसतो? पत्रा, खिडकीचं ग्रिल, पाण्याच्या टाकीचं झाकण. पत्र्यावर कावळा चालला की नखांचा जो आवाज येतो ना, एक-दोन-तीन आणि मग थांबतो, तो रेकॉर्ड करा. थांबतो तिथे तर जास्तच करा.

---

खारफुटी | १५ जुलै, सकाळी ७:१०

पहिल्या अडचणीबद्दल. समुद्री जीवशास्त्रात काम करते म्हणून हे माहीत आहे.

१८ ऑगस्ट १९६१ च्या पहाटे कॅलिफोर्नियात मॉन्टेरी बेच्या काठी कॅपिटोला आणि आसपासच्या गावांत हजारो सूटी शिअरवॉटर (समुद्रपक्षी) धुक्यातून येऊन घरांवर, गाड्यांवर, दिव्याच्या खांबांवर आपटले. लोक टॉर्च घेऊन बाहेर आले तर पक्षी उजेडाकडे झेपावले. रस्ताभर मेलेले पक्षी आणि ओकलेले मासे. हिचकॉकचं घर जवळच होतं, त्याने स्थानिक वर्तमानपत्राकडून ती बातमी मागवून घेतली होती.

त्या वेळी खापर धुक्यावर फोडलं गेलं. मग १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडचे शिंपले खाऊन शंभरावर लोक आजारी पडले, तिघे दगावले, काहींची स्मृती गेली. त्यातून डोमोइक आम्ल सापडलं. स्यूडोनित्झिया नावाचे डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ, ते तयार करतात. या डायटमांना खातात प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) आणि अँचोवीसारखे मासे, आणि त्या माशांना खातात पक्षी. विष थेट मेंदूवर जातं. १९९१ मध्ये त्याच मॉन्टेरी बेमध्ये पेलिकन असेच झिंगून मेले तेव्हा लोकांना १९६१ आठवलं. पुढे संशोधकांनी १९६१ च्या उन्हाळ्यात गोळा करून जपून ठेवलेले प्लवकांचे नमुने तपासले, तर त्यांच्या पोटात विषारी डायटम भरपूर. पन्नास वर्षं बाटलीत पडून राहिलेला पुरावा!

म्हणजे पक्षी हल्ला करत नव्हते, ते आजारी होते आणि त्यांना दिशा कळत नव्हती. तुमच्या श्रुतिकेला तयार विज्ञान आहे हे. कावळे काय खातात? आपण टाकलेलं सगळं.

---

तालीममास्तर | १५ जुलै, सकाळी ८:०५

@जुना_रेडिओ, साष्टांग नमस्कार. आज संध्याकाळी पत्र्यावर पोळीचे तुकडे टाकून बसतो.

@खारफुटी, हे भारी आहे. शेवटी एक डॉक्टर आणू, ती सगळं समजावून सांगेल. कचऱ्यातून विष, कचऱ्यातून कावळे. संदेशही होतो, कमिटी खूश.

---

नकटी_शिंक | १५ जुलै, सकाळी ९:२२

अजिबात नको!!

डॉक्टर आली की श्रुतिका संपली म्हणून समजा. विष आहे म्हटलं की माणूस सुटतो, उतारा शोधा, पाणी उकळून प्या. द्यू मोरिए बाईंनी कारण दिलं नाही म्हणून सत्तर वर्षांनी आपण इथे बोलतोय. गोष्टीत फक्त पूर्वेचा वारा आहे आणि एका रात्रीत पडलेली थंडी. शेजारचा शेतकरी म्हणतो, गावात बोलतायत की रशियनांनी पक्ष्यांना विष घातलं. १९५२ साल, दुसरं काय म्हणणार. लेखिका त्याला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

---

खारफुटी | १५ जुलै, सकाळी ९:४०

मग ती भयकथा झाली, विज्ञानकथा नाही. कारणाचा शोध नसेल तर विज्ञान कुठे आहे त्यात?

---

नकटी_शिंक | १५ जुलै, सकाळी ९:५१

शोध आहेच की. नॅट स्वतः निरीक्षण करतो. हल्ले भरतीबरोबर येतात आणि ओहोटीला थांबतात, हे तो दोन दिवसांत ताडतो आणि त्या मधल्या तासांत पाणी, रॉकेल, फळ्या गोळा करतो. कारण नाही, पण नियम आहे. पावसाळ्यात आपल्याला ढगांची रासायनिक प्रक्रिया ठाऊक नसते, छत्री कधी न्यायची ते ठाऊक असतं.

---

गजाली | १५ जुलै, दुपारी १२:३०

डोंबिवलीत भरती-ओहोटी खंयची आणणार? खाडी पश्चिमेला, तुम्ही पूर्वेला. :)

अवांतर: प्राणी उलटले म्हटलं की माजलगाव तालुक्यातलं लवूळ आठवतं. डिसेंबर २०२१, वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, घरांच्या छपरांवर नेत होती. बातम्यांत अडीचशे कुत्री मेल्याचा आकडा फिरला, परदेशी वाहिन्यांनीही 'सूड' म्हणून छापलं. शेवटी वनखात्याने दोन वानरं पकडली. दोन! आकड्यावर तेव्हाही बऱ्याच जणांचा विश्वास नव्हता. पण 'सूड' हा शब्द काय चिकटला राव. वानराला सूड घ्यायला आपण लावलं.

---

बिबट्याचा_शेजारी | १५ जुलै, दुपारी १:१५

गजाली यांच्याशी सहमत, आणि थोडा कडू प्रतिसाद देतो.

मी जुन्नरकडचा. आमच्याकडे उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते आणि तोडणीला गेलेल्या बाईला ते पिल्लू मांजरासारखं दिसतं. दोन हजारच्या सुरुवातीच्या वर्षांत बिबटे पिंजऱ्यात धरून लांबच्या जंगलात नेऊन सोडले. पुढे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले उलट वाढले. अनोळखी जागी टाकलेलं भेदरलेलं जनावर, ते काय करणार.

तेव्हा कोण कुणावर उलटलं हे नीट ठरवून लिहा. तुमच्याच गोष्टीत फांदी तुम्ही तोडलीत.

---

तालीममास्तर | १५ जुलै, दुपारी २:४४

बिबट्याचा_शेजारी, लागलं. पण बरोबर आहे.

---

पावसाळी_सिअॅटल | १५ जुलै, रात्री ११:०८

मास्तर, तुम्हालाच टपली का, याचं उत्तर आमच्या गावात आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये गुहामानवाचा रबरी मुखवटा घालून सात कावळे पकडले, पायात कडी घातली आणि सोडून दिले. नंतर तोच मुखवटा घालून कॅम्पसमध्ये कोणीही फिरलं की कावळे कल्ला करून मागे लागायचे. तुलनेसाठी दुसरा मुखवटा होता तो तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा, त्याला कोणी विचारलं नाही. (इथल्या लोकांना याचं फार आश्चर्य वाटलं होतं.)

खरी गंमत पुढे. दरवर्षी जास्त कावळे ओरडायला लागले. त्यात पकडलं गेलं तेव्हा जन्मालाही न आलेले कावळे होते. आईबापांनी दाखवलं, हा बघ, हाच तो.

श्रुतिकेसाठी हे घ्या: कावळे माणसांवर उलटलेले नाहीत, एकाच चेहऱ्यावर उलटलेत. आणि तो चेहरा सोसायटीतला कोणाचा, हे कोणालाच माहीत नाही.

---

नकटी_शिंक | १५ जुलै, रात्री ११:२०

अगं बाई!! काटा आला. हे घ्याच.

---

जुना_रेडिओ | १६ जुलै, सकाळी ६:१५

झोप लागेना म्हणून लिहितो. कालपासून एक गोष्ट डोक्यात आहे.

त्या पक्ष्यांच्या गोष्टीतलं मला सर्वांत भिववणारं पात्र पक्षी नाही. त्यांचा रेडिओ आहे. पहिल्यांदा बीबीसीचा निवेदक पक्ष्यांची बातमी देतो तेव्हा नॅटला वाटतं, हा माणूस याला गंमतच समजतोय. मग संध्याकाळी आवाज गंभीर होतो, घराबाहेर पडू नका. मग कार्यक्रम बंद. मग नुसती शांतता. कॉर्नवॉलच्या त्या झोपडीत चौघं जण एका खोक्यापुढे बसलेत आणि खोकं बोलत नाही.

आता विचार करा, हे तुम्ही रेडिओवर ऐकताय. म्हणजे तुमच्याही पुढ्यात तेच खोकं आहे. सिनेमावाल्यांना हे कधी जमणार नाही. हिचकॉकने बर्लिनहून ओस्कार साला यांच्या ट्राउटोनियम या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर पक्ष्यांचे विद्युत आवाज बनवून घेतले, पार्श्वसंगीत काढून टाकलं, संगीतकार बर्नार्ड हरमनला नुसता आवाजाच्या सल्ल्यासाठी बसवलं, सगळं केलं. पण पडदा काळा करून प्रेक्षकाला "तुझा पडदा गेला" असं वाटायला लावणं त्याला परवडलं नसतं.

तुम्ही ते फुकटात करू शकता. सोसायटीचा रेडिओ कोणता? तुमचा व्हॉट्सअॅप ग्रुप! ट्रिंग, ट्रिंग, सगळे बोलतायत. आणि मग बंद.

---

गजाली | १६ जुलै, सकाळी ९:००

आणि भरतीच्या जागी घंटागाडी. दिवसातून दोनदा येते, आधी तिचं गाणं ऐकू येतं, आणि गाणं लागलं की कावळे जमतातच. प्रेक्षकांना तो आवाज पाठ आहे. घ्या, नियम मिळाला, रॉयल्टी नको.

---

खारफुटी | १६ जुलै, सकाळी ९:३५

मी माझी डॉक्टर मागे घेते, पण एका अटीवर. कारण सांगायचं नसेल तर निदान लोकांना कारणावरून भांडू द्या. ग्रुपवर एक म्हणेल टॉवरची किरणं, दुसरा म्हणेल कारखान्यांचं पाणी, तिसऱ्या काकू म्हणतील तीन वर्षं अमक्यांनी श्राद्ध केलं नाही. विज्ञान काय असतं ते त्या गोंधळात आपोआप दिसेल, कारण मोजून कोणीच बघत नसतं.

---

मिश्कीलमामा | १६ जुलै, सकाळी १०:१०

चौथा: "कृपया हा ग्रुप फक्त मेंटेनन्ससाठी आहे."

---

तालीममास्तर | १६ जुलै, सकाळी १०:१२

मामा, हे वाक्य जसंच्या तसं घेतोय.

---

सुगरण | १६ जुलै, दुपारी ३:४०

आवाजासाठी दोन घरगुती टिपा, कॉलेजात श्रुतिका केल्या होत्या. पंखांसाठी चामड्याचे जुने हातमोजे, दोन्ही एका हातात धरून झटकायचे. एक जोडी म्हणजे एक पक्षी, पाच जणांनी मागे-पुढे झटकले की थवा. चोचीसाठी उलथन्याचं टोक तव्यावर नको, स्टीलचा डबा वाटतो. लाकडी पाटावर शहाळं फोडायच्या कोयत्याचं... नको, सुईच घ्या, गोधडीची दाभण. माईक अगदी जवळ.

---

*(मध्यंतरी 'धागा वर काढतोय' आणि 'संहिता पाठवा'चे प्रतिसाद बरेच आले. गणपतीनंतरचा हा.)*

---

तालीममास्तर | विसर्जनानंतर तिसरा दिवस, रात्री ११:५५

मंडळी, झाली एकदाची. उशिराबद्दल क्षमस्व, आवाज बसला होता.

दाभण आणि पाट हिट. पत्र्यावरची नखं मात्र खरी आहेत, त्यासाठी तीन संध्याकाळी आणि अठरा पोळ्या गेल्या. काव काव संपूर्ण श्रुतिकेत एकदाच आहे, सुरुवातीला, आणि ठरल्याप्रमाणे लोक हसले. ते हसू मला हवंच होतं. बीबीसीच्या त्या निवेदकासारखं.

घंटागाडीचं गाणं दुसऱ्यांदा लागलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या मुलांनी पाय खुर्चीवर घेतले. तेव्हा जुना_रेडिओ आठवले.

आता तो प्रसंग. चौदाव्या मिनिटाला ग्रुपचे ट्रिंग ट्रिंग वाढत जातात, "बी विंगमध्ये कोणी आहे का", "बी विंग उत्तर द्या", आणि मग आम्ही आवाज पूर्ण बंद केला. लिहिलेलं होतं वीस सेकंद. दिवे बंद, मंडपात शंभर माणसं. सातव्या-आठव्या सेकंदाला अंधारात खुर्ची सरकली. खजिनदार काका उठले, मोबाइलचा टॉर्च लावला, वाकून स्पीकरची वायर बघायला लागले आणि मोठ्याने म्हणाले, "अहो मास्तर, गेला वाटतं तुमचा स्पीकर." बरोबर त्याच वेळी त्या स्पीकरमधून दाभण. टक.

काका मागे पडले. यंदा नेपथ्य नसतानाही.

---

मिश्कीलमामा | रात्री ११:५८

आता सांगा. तब्येत कशी आहे?

---

तालीममास्तर | रात्री १२:०३

उत्तम. पुढच्या वर्षीही श्रुतिकाच करा म्हणाले, पण त्यांना मागच्या रांगेत बसवायचं आहे.

@बिबट्याचा_शेजारी, फांदीचा प्रसंग शेवटी घातला. तो चेहरा माझाच निघतो.

---

जुना_रेडिओ | सकाळी ६:०५

वीस सेकंद कमी आहेत. पुढच्या वेळी तीस करा.